वाचविलेली वीज म्हणजे वाचविलेले पाणी
(बीड जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वीज विकणाऱ्या कंपनीनेच ग्राहकाला ‘वीज जपून वापरा’ असे सांगावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते. दुकानदार कधी गिऱ्हाइकाला माल कमी घ्या म्हणत नाही. परंतु वीज हा साठवून ठेवण्याजोगा साधा माल नव्हे. ज्या क्षणी मागणी होते, त्याच क्षणी ती निर्माण करावी लागते. सायंकाळी सारा महाराष्ट्र एकाच वेळी दिवे लावतो, तेव्हा ती गरज भागविण्यासाठी महागडी वीज विकत घ्यावी लागते. त्या वेळी ग्राहकाने वाचविलेले युनिट हे कंपनीच्या दृष्टीनेही नफ्याचेच असते.

बीड जिल्ह्याला हे निराळे सांगावयास नको. परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. आज तेथे २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळसा दुरून रेल्वेने येतो, तसे पाणी मात्र आणता येत नाही. ते गोदावरी आणि सिंदफणेच्या खोऱ्यातूनच घ्यावे लागते. फेब्रुवारी १९९० नव्हे, १९७२ नव्हे, तर अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०१३ मध्ये, पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ च्या दुष्काळात पुन्हा तीच वेळ आली. कोळसा होता, यंत्रे होती, कामगार होते, पाणी नव्हते.

केंद्र सरकारने २०१५ साली जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पाणीवापराची मर्यादा ठरवून दिली. तिचा हिशेब एका युनिटला सुमारे साडेतीन लिटर असा पडतो. आता घरचे गणित करू. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिटे लागतात. ९ वॅटच्या एलईडी दिव्याला दीड युनिटही लागत नाही. वर्षाकाठी नव्वदाहून अधिक युनिटे वाचतात, म्हणजेच तीनशे लिटरांवर पाणी. एका दिव्यामागे वीस घागरी! शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर मांडावे. मुले घरी जाऊन दिवे मोजतील.

हा बदल घडविण्यासाठी २०१५ पासून ‘उजाला’ योजनेखाली वीज वितरण कंपन्यांच्या सहकार्याने स्वस्त एलईडी दिवे देण्यात आले. घरगुती वीजदराचे टप्पेही याच हेतूला साहाय्य करतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी व त्यापुढे तो चढत जातो. उपकरणांवरील ताऱ्यांची चिन्हे २००६ पासून ग्राहकाला निवड करावयास शिकवीत आहेत. पंखा किंवा फ्रीज घेताना किमतीबरोबर तारेही पाहावेत.

परंतु दर आणि सवलत यांपेक्षा परिणामकारक ठरतो तो गावाचा एकोपा. भारनियमनाच्या दिवसांत, २००५ च्या सुमारास, महावितरणने ‘अक्षय प्रकाश’ योजना आणली. तिचा करार साधा होता. सायंकाळच्या कमाल मागणीच्या वेळेत गावाने कृषिपंप, पिठाची गिरणी, हीटर चालवावयाचे नाहीत. त्याच्या मोबदल्यात दिवे-पंख्यांसाठी गावाला अखंड वीज मिळावयाची. येथे शिक्षेचे भय नव्हते. शेजाऱ्याचा पंप सुरू झाला तर आपल्या मुलाचा अभ्यास अंधारात जाईल, एवढी जाणीव पुरेशी होती. कंपनीने ग्राहकाला नुसता उपदेश न करता त्याच्याशी व्यवहार केला, हे त्या योजनेचे खरे मर्म होय.

आता सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळू. तो म्हणजे शेतीपंपांचा. राज्य शासनाने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज दिली आहे. दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्याला हा आधार आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. मात्र बिल नसले की काटकसरीचा इशारा देणारेही कोणी उरत नाही. वीज फुकट असली तरी विहिरीतले पाणी फुकट नाही. पंप गरजेपेक्षा दोन तास अधिक चालला, तर शेजारच्या विहिरीचा तळ दोन तास आधी उघडा पडतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. पहिली, प्रत्येक पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा. त्यामुळे वाहिनीवरील जादा प्रवाह कमी होतो, दाब टिकतो आणि मोटार जळत नाही. दुसरी, ऑटोस्विच काढून टाकावेत. वीज येताच सारे पंप एकदम सुरू झाले की रोहित्र, ज्याला आपण डीपी म्हणतो, जळते आणि ऐन हंगामात सारे शिवार थांबते. तिसरी, ठिबकाचा अवलंब करावा. त्याने पाणी व वीज दोन्ही वाचतात.

पंचायतीनेही आधी आपले घर पाहावे. भर उन्हात जळणारे रस्त्यावरचे दिवे आणि टाकी भरून वाहत असतानाही चालणारा पाणीपुरवठ्याचा पंप, हे गावाला काटकसर शिकवू शकत नाहीत. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. त्या दिवशी केवळ फेरी न काढता ग्रामसभेसमोर पंचायतीची वर्षभराची वीजबिले वाचून दाखवावीत. कोणत्या महिन्यात किती युनिटे लागली व का लागली, हे लोकांनी विचारावे.

वीज कंपनी दिवा देईल, सवलत देईल, सूचना देईल. बटणावर हात मात्र आपलाच आहे. परळीची धुराडी थंड पडलेली या जिल्ह्याने पाहिली आहेत. ती वेळ पुन्हा येऊ नये यासाठी पाऊस आपल्या हाती नाही, वापर मात्र आहे.