रिकाम्या चौकटीचे मोल

उपग्रह समुद्रात तापमापक बुडवीत नाही. पाण्याच्या पृष्ठभागातून निघणारे अवरक्त किरण टिपले जातात आणि त्यांवरून गणिताने तापमान काढले जाते. हे किरण ढग भेदू शकत नाहीत. म्हणूनच पावसाळ्यात अरबी समुद्राच्या अशा नकाशावरील कित्येक चौकटी रिकाम्या राहतात. ढगाचा थंड माथाच समुद्र समजला गेला, तर आकडा खोटा ठरतो. यासाठी ‘जीएचआरएसएसटी’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या फाइलींत प्रत्येक चौकटीला ० ते ५ असा गुणवत्ता-अंक दिलेला असतो. ५ म्हणजे सर्वोत्तम. तापमान केल्विनमध्ये असते, २७३.१५ वजा केले की सेल्सियस मिळते. संगणकावर काम करणाऱ्या तरुणाने आधी गुणवत्ता-अंक पाहावा, मगच सरासरी काढावी. रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रही नोंदींवरून मच्छीमारांना संभाव्य मत्स्यक्षेत्रे कळविते. कोकणातला नाखवा त्या भरवशावर डिझेल जाळतो. चुकीच्या आकड्यांमुळे त्याची होडी रिकामी परतू शकते. विज्ञान समाजाच्या कामी येते, ते अशा सावधपणामुळेच!