पाऊल घासतंय, पण नस शाबूत आहे!

माझ्या मावशीला एमएस आहे. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ताप आला आणि आधीच घासणारं पाऊल पार उचलेना. सगळे घाबरले, नवा अटॅक! पण एमएसमध्ये अंग तापलं की जुनी लक्षणं तात्पुरती वाढतात. उथॉफ या डॉक्टरने हे 1890 मध्येच नोंदवलं होतं. इन्फेक्शनवर उपचार झाले, ताप उतरला, ताकद परतली.

उरलं जुनं घासणं. त्यासाठी एफईएस. एमएसमध्ये बिघाड मेंदूत, मज्जारज्जूत असतो. गुडघ्याखालची नस सहसा शाबूत. म्हणजे सर्व्हर डाऊन, केबल ओके! टाच उचलली की पट्टा नसेला हलका करंट देतो, पाऊल वर येतं. आजार जात नाही, पण ठेच टळते. पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा हं. भेटूया!