डेम्लो स्टेशनची संख्या

श्रोत्यांनीं हाताशीं कागद व पेन्सिल घ्यावी. आजचा विषय एकच संख्या आहे, पण ती नुसती ऐकून ध्यानांत राहावयाची नाहीं. एकापासून नवापर्यंत अंक ओळीनें लिहावे व तसेंच उतरत पुन्हां एकावर यावें : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक झाले. लीलावतींतील स्थानांप्रमाणें डावीकडचा पहिला अंक 'मध्य' स्थानीं पडतो. आणखी एक घर, कीं परार्ध.

परळ-दादरच्या मंडळींना ही संख्या जवळची वाटावी. मुंबईपासून सुमारें ३० मैलांवर, जी. आय. पी. रेल्वेवर, डेम्लो नांवाचें स्टेशन होतें. तेंच आजचें डोंबिवली. डहाणूस १९०५ सालीं जन्मलेले, देवळालीच्या शाळेंतील शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना अशा संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना तेथें सुचली, म्हणून त्यांनीं या कुळाला 'डेम्लो संख्या' हेंच नांव दिलें. एरव्हीं असा मान स्टेशनांना कोण देतो?

मधला ९ झांकून दोन्ही बाजू मिळवाव्या. १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९, म्हणजे मधल्याच अंकाची पुनरावृत्ति. हें डेम्लो संख्येचें लक्षण. लहान मासला २५५३ : टोकांचे दोन व तीन मिळून पांच, आणि मध्यें पांचच पांच.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. गुणाकार मांडला कीं एकांच्या नऊ ओळी पडतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या उभ्या रांगेंत एक, दुसरींत दोन, नववींत नऊ, आणि मग उतार लागतो. कोठेंही हातचा येत नाहीं, एवढेंच रहस्य! दहा एक घेतले तर मधल्या रांगेंत दहा जमतात, हातचा निघतो, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असें विस्कटतें.

अंकांची बेरीज ८१. आणि ८१ नें संख्येस निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनीं 'हर्षद' म्हटलें. भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग. यांतून आठ कोठें गेला, तें श्रोत्यांनीं शोधावें.

कित्येक पंडित असल्या कामाला करमणूक समजत. त्यांचा आक्षेप अगदींच खोटा नव्हे. ही शोभा दशमान लेखनाची आहे. नवाच्या पायावर हीच संख्या लिहिली तर शेवटीं दोन शून्यें येतात आणि आरशासारखें रूप मोडतें. परंतु तिचे अवयव कोणत्याही लेखनांत बदलत नाहींत : ३ चार वेळां, ३७ दोन वेळां, ३३३६६७ दोन वेळां, आणि एकंदर विभाजक ४५. करमणुकीच्या वाटेनें मनुष्य येथवर येतो, हें आक्षेपकांनीं लक्षांत घेतलें नाहीं. कापरेकर १९६२ पर्यंत देवळालीस शिकवीत राहिले; मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें तें १९७५ सालीं.

३३३६६७ अविभाज्य असल्याची खात्री करून घेणारांस ५७७ पर्यंतच्या सर्व अविभाज्य संख्यांनीं भागून पाहावें लागेल. एका रविवारचें काम आहे.