पडदा विकत घ्यायच्या आधी खिडकी मोजा

आजचा विषय ऐकून हसाल. पडदे! कोड लिहिणारा माणूस पडद्यांवर काय बोलणार? पण ऐका तर खरं.

माझी शिफ्ट रात्री उशिरापर्यंत असते. त्यामुळे पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी बेडरूमला काळपट निळे, जाड ब्लॅकआउट पडदे लावले होते. सकाळी अकरापर्यंत झोपायचं, बस. मग या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आली. बेडरूम तिला दिली, मी हॉलमध्ये. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अरे, तुझ्या घरात उजाडलेलं कळतच नाही. मला साताऱ्याला सोड."

पडदे बाजूला सारले तर दुपारी पश्चिमेचं ऊन थेट पलंगावर. लावले तर भरदिवसा ट्यूबलाइट. तेव्हा पहिल्यांदा त्या खिडकीकडे नीट पाहिलं.

पहिलं तत्त्व: आधी गरज, मग रंग. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये आधी रिक्वायरमेंट विचारतो, घरात मात्र थेट शॉपिंग! इथे गरजा दोन होत्या, सकाळी उजेड आणि दुपारी सावली. एक पडदा दोन्ही करू शकत नाही. म्हणून डबल रॉड घेतला. आत झिरझिरीत पांढरा, बाहेर जाडसर सुती. एक लक्षात ठेवा, झिरझिरीत पडदा दिवसा आडोसा देतो, पण रात्री आत दिवा लागला की बाहेरून सगळं दिसतं. तेव्हा जाड पडदा ओढायचाच.

दुसरं, प्रमाण. तयार पडदे साधारण पाच, सात आणि नऊ फुटांचे मिळतात. माझा जुना पाच फुटी पडदा जमिनीच्या दोन फूट वर लटकायचा, आखूड झालेल्या पँटसारखा. खोली त्यानेच बुटकी दिसायची. आता रॉड चौकटीच्या सहा इंच वर लावला, नऊ फुटी पडदे आणले आणि टेलरकाकांकडून हवे तेवढे आखूड करून घेतले. पडदा वरून खालपर्यंत सरळ आला की नजर वर जाते, छत उंच वाटतं.

फोटोंमध्ये पडदे जमिनीवर लोळताना छान दिसतात. पण आई वॉकर घेऊन चालते. त्यात कापड अडकलं तर? म्हणून जमिनीपासून अर्धा इंच वर. सुती कापड असेल तर शिवायच्या आधी धुऊन घ्या, नाहीतर आटतं.

तिसरं, लय. म्हणजे चुण्या. खिडकी चार फूट, रॉड दोन्हीकडे नऊ-नऊ इंच जास्त, म्हणजे साडेपाच फूट. कापड रॉडच्या साधारण दुप्पट हवं, अकरा फूट. माझ्याकडे चार-चार फुटांचे दोनच होते, ओढले की चादरीसारखे सपाट! तिसरा घेतला, मधून कापला, दोन्ही बाजूंना जोडला. रॉड रुंद असल्याचा फायदा असा की पडदे उघडल्यावर भिंतीवर सरकतात, काच पूर्ण मोकळी होते.

चौथं, समतोल. आईच्या चादरी फुलाफुलांच्या. त्यावर डिझाइनचे पडदे म्हणजे भांडणच. म्हणून पडदे साधे, मातकट रंगाचे. खोलीत एकाच गोष्टीने बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं.

तरी उष्णता थोडी राहिलीच, कारण ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ते अडवतो, तोवर गरमी घरात शिरलेली असते. बाहेर अडवलेलं ऊन जास्त बरं. आईनेच आठवण करून दिली, पूर्वी उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवून लावायचे. पाणी सुकताना हवा गार होते. मी बाल्कनीत बांबूची चिक टांगली, तेवढ्याने दुपार सुसह्य झाली.

आता सकाळी सहाला आई स्वतः उठून, वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जाते आणि जाड पडदा सारते. डॉक्टरांनी सांगितलेली पावलं तिथेच होतात. साताऱ्याचं नाव अजून निघतं, पण "बरी झाले की जाईन" असं.

तर मंडळी, टेप घ्या, खिडकी मोजा, आणि मोजताना विचारा, या खोलीत दिवसभर कोण असतं? भेटू पुढच्या भागात!