अंगणवाडीला गुण कोणी द्यायचे आणि कशाचे?

(तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या तालुक्यातील अंगणवाड्यांची लोकांच्या वतीने पाहणी करावी, असे आपण ठरविले आहे. त्या पाहणीची प्रश्नावली कशी असावी, हे सांगण्यासाठी मला आज येथे बोलाविले आहे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. बालशिक्षणाचा मी तज्ज्ञ नाही. तरीही निमंत्रण स्वीकारले, याला कारण आहे. मोजमाप हा आम्हा अर्थशास्त्रज्ञांचा धंदा आहे, आणि मोजमापाने माणूस कसा फसतो याचा अनुभव माझ्या पदरी पुरेसा आहे. त्यांपैकी एक अनुभव प्रथम सांगतो.

निवृत्तीनंतर एकदा अशाच एका पाहणीत मी सामील झालो होतो. पंचवीस मुद्द्यांची यादी मीच केली होती. इमारत पक्की आहे काय, भिंतींवर तक्ते आहेत काय, खेळणी आहेत काय, नोंदवह्या पूर्ण आहेत काय, अशा स्वरूपाची. एका दिवशी दोन अंगणवाड्या पाहिल्या. पहिली नव्या इमारतीत होती. भिंतींवर चित्रे, काचेच्या कपाटात खेळणी, नोंदवह्यांत आदल्या दिवसापर्यंतच्या नोंदी. वीस-बावीस मुले ओळीने, हाताची घडी आणि तोंडावर बोट ठेवून बसलेली. मी पंचवीसपैकी वीस गुण दिले. दुसरी एका देवळाच्या पडवीत भरत होती. संडास नाही, तक्ते नाहीत, नोंदवही दोन आठवडे मागे. मुले चिंचोके, खडे आणि पाने वेगवेगळ्या ढिगांत लावीत होती. एक चिमुरडी आपल्या घरची शेळी काल रात्री कशी व्याली, हे हातवारे करून सांगत होती, आणि सेविका सगळे काम बाजूला ठेवून ते ऐकत होती. मी नऊ गुण दिले.

परतताना आमच्याबरोबरच्या एका कार्यकर्तीने मला विचारले, “सर, तुमच्या नातीला यांतल्या कुठल्या अंगणवाडीत घालाल?” मला उत्तर देता आले नाही. खरे म्हणजे उत्तर ठाऊक होते, पण ते माझ्या यादीच्या विरुद्ध होते.

या प्रसंगातून पडवीतल्या दारिद्र्याचे गोडवे गावेत, असे मात्र मला मुळीच सुचवायचे नाही. त्या चिमुरडीला संडास हवाच होता, डोक्यावर छप्पर हवेच होते. मुद्दा असा की, गुणवत्तेचे दोन भाग असतात. एक भाग साधनांचा: जागा, पाणी, आहार, वजनकाटा, सेविकेमागे मुलांची संख्या. दुसरा भाग व्यवहाराचा: मोठे माणूस मुलाशी कसे वागते, मुलाला बोलू देते काय, हात लावू देते काय. पहिला भाग डोळ्यांना दिसतो म्हणून आपण तोच मोजतो. दुसरा पाहायला तास दोन तास स्वस्थ बसावे लागते. अमेरिकेतील हार्म्स आणि क्लिफर्ड यांनी १९८० मध्ये बालवर्गांच्या मूल्यमापनाची जी श्रेणी प्रसिद्ध केली, तीही प्रत्यक्ष बसून केलेल्या निरीक्षणावर आधारलेली आहे. नोंदवही तपासणे म्हणजे अंगणवाडी तपासणे नव्हे.

आणि हे शिकण्यासाठी आपणास परदेशी जाण्याचीही गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा त्या दोघी बालवाडीच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम त्या निर्णयात आहे. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच काम आदिवासी मुलांत चालले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिंपले, बिया, खडे, पाने ही तेथील साधने होती. मूल शाळेत येत नसेल तर दोष मुलाचा की शाळेचा, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. माझ्या पंचवीस मुद्द्यांत हा प्रश्नच नव्हता. हजर असलेल्या मुलांची संख्या मी मोजली होती. न आलेल्या मुलांची मोजली नव्हती.

आता शासनाकडे वळू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे चौदा लाख आणि महाराष्ट्रात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. हा विस्तार आपोआप झालेला नाही. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ आणि २००६ मध्ये आदेश दिले, प्रत्येक वस्तीला अंगणवाडी देण्याचे बंधन घातले, तेव्हा सरकारे हलली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतला आहार हा मुलांचा कायदेशीर हक्क झाला.

परंतु आहाराबाबत जे झाले, ते शिक्षणाबाबत झाले नाही. घटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचा समावेश होता. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने हा हक्क सहा ते चौदा या वयोगटापुरता लिहून दिला आणि सहा वर्षांखालील मुलांना मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले. म्हणजे ज्या वयात बुद्धीची आणि भाषेची पायाभरणी होते, त्याच वयातील मुलाला न्यायालयात जाऊन शिक्षण मागण्याची सोय राहिली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे, हे आपण विसरता कामा नये.

माझे व्यवसायबंधू या बाबतीत एक आकडा नेहमी सांगतात. अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना बालवर्ग मिळाला, काहींना नाही, आणि दोन्ही गटांचा पुढे अनेक दशके मागोवा घेतला गेला. नोबेल पारितोषिक मिळविणारे अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी हिशेब केला, की त्या खर्चावर समाजाला दरसाल सात ते दहा टक्के परतावा मिळाला. हा आकडा आपल्याकडील परिसंवादांतून आवर्जून उद्धृत होतो. पण त्या बालवर्गात पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जात असे, हे कोणी सांगत नाही. परतावा हवा, पण गुंतवणूक नको, असा हा व्यवहार आहे. शिवाय मला विचाराल, तर चार वर्षांच्या मुलाचे सुख हे विसाव्या वर्षीच्या कमाईचे साधन म्हणूनच मोलाचे ठरते, ही विचारसरणीच अपुरी आहे. ते मूल आजही नागरिक आहे.

आपल्या सेविकेची स्थिती काय? पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांचे आरोग्यशिक्षण आणि बालशिक्षण अशा सहा सेवा तिच्या अंगावर आहेत. त्याखेरीज सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला. त्याच वर्षी निकृष्ट मोबाइल आणि इंग्रजी भाषेतील ॲप यांना कंटाळून महाराष्ट्रातील सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. केंद्राने २०१८ मध्ये सेविकेच्या मानधनाचा आपला दर ३,००० वरून ४,५०० रुपये केला. राज्ये त्यात भर घालतात. पण शब्द ‘मानधन’ हाच. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदानाचा म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असे ठरविले. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना संपावर जावे लागले आणि तो संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला.

हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. गुणवत्तेच्या चर्चेतच हे येते. तामिळनाडूत कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२० अंगणवाड्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी काही अंगणवाड्यांना, चिठ्ठ्या टाकाव्या तशा निवडून, केवळ बालशिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी आणखी एक सेविका दिली. परिणाम काय झाला? शिकविण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे गणित आणि भाषा सुधारली, आणि उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाणही कमी झाले. कारण जुन्या सेविकेला आहार व आरोग्याकडे लक्ष द्यायला उसंत मिळाली. एका जोडी हातांनी हे घडले. महाराष्ट्रात मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती; त्याआधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ३४.४ टक्के होते.

म्हणून माझी सूचना अशी, की आपली प्रश्नावली लहान असावी, आणि प्रत्येक अंगणवाडीत निदान दोन दिवस, न कळविता पण नम्रपणे, पूर्ण वेळ बसून ती भरावी. मी सहा प्रश्न सुचवितो.

पहिला: वस्तीतील कोणती मुले येत नाहीत आणि का? ऊसतोडीला गेलेल्यांची, दूरच्या पाड्यावरची, अपंग मुले कोठे आहेत? दुसरा: सेविकेचा किती वेळ मुलांबरोबर जातो आणि किती वेळ नोंदी, मोबाइल व बैठकी यांत? घड्याळ लावून पाहा. तिसरा: मूल बोलते काय, आणि कोणत्या भाषेत? कोरकू किंवा वारली बोलणाऱ्या घरच्या मुलाला स्वतःच्या भाषेत उत्तर देण्याची मुभा आहे काय? चौथा: खेळणी मुलांच्या हातात आहेत की कुलपात? हरवली तर भरपाई द्यावी लागेल, या भीतीने ती कुलपात असतील, तर तसे लिहा. पाचवा: आहार, पाणी, संडास आणि वजनाची खरी स्थिती काय? सहावा: आया अंगणवाडीच्या दाराशी थांबतात की आत येतात?

उत्तरे मिळाल्यावर गुणांची बेरीज करू नका. प्रत्येक उणिवेपुढे जबाबदारी लिहा. सेविकेच्या हातातील काय, पंचायतीच्या हातातील काय, शासनाच्या हातातील काय. मुलाला मारणे, त्याची जात पाहून त्याला वेगळे बसविणे, आहारात हात मारणे यांना क्षमा नाही. ती सेविका आपल्या संघटनेची असली तरी नाही. परंतु छप्पर गळते याचा दोष तिच्या नावे मांडू नका. हे पथ्य पाळले नाही तर आपल्या पाहणीचा उपयोग कमी पटाच्या अंगणवाड्या बंद करण्यासाठी किंवा त्या खाजगी संस्थांच्या हवाली करण्यासाठी होईल, आणि तो कागद आपल्याच सहीचा असेल. अहवाल प्रथम सेविकेला वाचून दाखवा, मग ग्रामसभेत मांडा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा जा. पुन्हा न जाणारा पाहुणा पाहणी करीत नाही, सहल करतो.

शेवटी एक अवघड गोष्ट बोलतो. या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीजणांची मुले-नातवंडे अंगणवाडीत जातात? माझी नात गेली नाही. ती शहरात इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत गेली आणि चौथ्या वर्षी ओळी गिरवून कंटाळली. आसाम, राजस्थान आणि तेलंगणातील सुमारे चौदा हजार ग्रामीण मुलांचा जो मागोवा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अंगणवाडी आणि खाजगी बालवर्ग दोन्ही मुलांची पुरेशी तयारी करून घेत नाहीत, असेच दिसले. म्हणजे पैसे मोजून आपण गुणवत्ता विकत घेतली नाही. फक्त अंगणवाडीतून आपला आवाज काढून घेतला. ज्या संस्थेत बोलक्या वर्गाची मुले नसतात, तिच्या गळक्या छपराची तक्रार वरपर्यंत पोचत नाही.

तेव्हा पाहणीला जाताना यादी बरोबर असू द्या. पण त्या कार्यकर्तीने मला विचारलेला प्रश्न तिच्या सर्वांत वर लिहा. माझ्या नातीला मी येथे ठेवीन काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर जे मूल आज तेथे बसलेले आहे त्याच्यासाठी ‘होय’ होईपर्यंतचे काम आपले आहे.