खानदेशांतील कविसंमेलनें

इ. स. १९०७ सालीं जळगांव येथें पहिलें महाराष्ट्र कविसंमेलन भरलें. आदल्याच वर्षीं जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले होते आणि जळगांव हें पूर्व खानदेशाचें मुख्य ठाणें बनलें होतें. कापसाची पेठ, आगगाडीचें जंक्शन आणि सरकारी कचेऱ्या एवढ्यावर ज्या गांवाची ओळख, त्या गांवानें महाराष्ट्रांतील कवींस आमंत्रण द्यावें, हें पुण्यामुंबईच्या विद्वानांस थोडें नवलाचें वाटलें असल्यास त्यांस दोष देतां येणार नाहीं.

अध्यक्षस्थानीं डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. हे गृहस्थ लष्करी वैद्यकखात्यांतील शल्यवैद्य, पदवीनें लेफ्टनंट कर्नल. त्यांचा खरा ध्यास वनस्पतिशास्त्राचा. भारतांतील औषधी वनस्पतींवरील त्यांचा प्रचंड ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९१८ सालीं प्रसिद्ध झाला आणि आजही त्या शास्त्रांत त्याचा आधार घेतला जातो. शस्त्रक्रिया, झाडपाला आणि कविता या तिहींचा एकाच माणसाच्या ठिकाणीं संगम व्हावा, हा त्या पिढीचा एक विशेषच म्हणावयाचा. पुढें १९०९ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपदही याच कीर्तिकरांकडे आलें.

या संमेलनांत सोळासतरा वर्षांच्या एका मुलानें कविता म्हटली. त्याचें नांव त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म खानदेशांतलाच, धरणगांवचा. वडील पोलीसखात्यांत, म्हणजे बिऱ्हाड सतत पाठीवर. एका गांवीं शाळा रुळते न रुळते तों दुसऱ्या गांवची बदली. अशा मुलाच्या शिक्षणाची जी दैना व्हावयाची ती झालीच होती. परंतु नद्या, ओढे, झाडें, पांखरें यांचें जें शिक्षण शाळेबाहेर मिळतें, तें त्यास भरपूर मिळालें होतें. त्याची कविता ऐकून कीर्तिकर प्रसन्न झाले आणि त्यांनीं त्यास ‘बालकवि’ ही पदवी दिली. सभेंत दिलेल्या पदव्या बहुधा सभेबरोबरच विरून जातात. ही पदवी मात्र अशी चिकटली, कीं ठोमरे हें आडनांव आज पुष्कळांस मुद्दाम सांगावें लागतें.

त्या दिवशीं त्या मुलास काय मिळालें, याचा हिशेब नीट मांडला पाहिजे. द्रव्य मिळालें नाहीं. नोकरी तर नाहींच नाहीं. ज्यांच्या कविता त्यानें मासिकांत वाचल्या असतील अशा माणसांनीं त्यास समोर बसवून ऐकलें, एवढेंच त्यास मिळालें. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं त्यास पुढें अहमदनगरास आपल्या घरींच ठेवून घेतलें. त्या घरांत तो कसा मुलासारखा वावरला, कसा रुसला आणि कसा हंसला, हें लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत ज्यांनीं वाचलें आहे, त्यांस तें विसरतां येणार नाहीं. ‘फुलराणी’, ‘औदुंबर’, ‘श्रावणमास’ या कवितांस मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या जें स्थान मिळालें आहे, त्याचा आरंभ शोधूं जातां जळगांवच्या या सभेपर्यंत यावें लागतें. १९१८ सालच्या मे महिन्याच्या ५ तारखेस जळगांवाजवळ भादली स्टेशनापाशीं रेल्वेच्या रुळावर बालकवींचा अंत झाला. वय अवघें सत्तावीस.

साहित्यसंमेलनें हवींत कशाला, असा प्रश्न दरवर्षीं विचारला जातो. भोजनाच्या पंक्ती, निवासाची गैरसोय, अध्यक्षांचें लांबलेलें भाषण आणि ठरावांची जंत्री यांवर टीका करणें सोपें आहे, आणि ती टीका बहुतेक खरीही असते. तथापि पांचपन्नास वर्षांत एखादाच ठोमरे त्या सभेंत उभा राहिला, तर पंक्तींचा खर्च वसूल झाला असें म्हणावें लागेल.

आतां या जमाखर्चाची दुसरी बाजू. तिच्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

मराठी ग्रंथकारांची पहिली सभा न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे व लोकहितवादी यांच्या खटपटीनें पुण्यास हिराबागेंत ११ मे १८७८ रोजीं भरली. दुसरी १८८५ सालीं पुण्यासच झाली. या दुसऱ्या सभेचें आमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांसही गेलें होतें. त्यांनीं तें स्वीकारलें नाहीं. न येण्याचीं कारणें त्यांनीं पत्रानें कळविलीं, आणि तें पत्र त्याच वर्षीं ‘ज्ञानोदयां’त छापलें गेलें. शूद्रातिशूद्रांच्या जिण्याचें दुःख ज्यांच्या ग्रंथांत उतरत नाहीं, त्यांच्या सभेशीं आपला मेळ बसावयाचा नाहीं, असा त्या पत्राचा इत्यर्थ होता. भाषा कडक होती. ती आजही कडकच वाटते. परंतु ‘ग्रंथकार कोणास म्हणावें’ हा जो प्रश्न त्यांत अध्याहृत आहे, त्याचें उत्तर सभा भरविणारांनीं पुढें पुष्कळ वर्षें दिलें नाहीं. ज्याचा ग्रंथ छापला तो ग्रंथकार, ज्याची कविता मासिकांत आली तो कवि, एवढीच व्याख्या धरून काम चालत राहिलें.

ही व्याख्या किती तोकडी होती, हें जळगांवाइतकें दुसऱ्या कोणत्याही गांवानें दाखवून दिलेलें नाहीं.

१९०७ सालीं कविसंमेलन भरलें तेव्हां त्याच जळगांवांत चौधरी यांच्या घरीं सत्तावीस वर्षांच्या आंतबाहेरची एक सून नांदत होती. माहेर जवळच असोद्याचें, महाजनांचें. तेराव्या वर्षीं लग्न होऊन ती जळगांवास आली. घरचें शेत. तिला लिहितां वाचतां येत नव्हतें. पहांटे जात्यावर बसावें, दिवसा शेतांत राबावें, आणि हें चाललें असतांच तोंडानें ओंवी रचावी, असा तिचा क्रम. तीं गाणीं कोणी मागितलेलीं नव्हतीं आणि कोणासाठीं जपलेलींही नव्हतीं. दळण सरलें कीं गाणेंही सरावें. याच १९०७ सालीं तिच्या पोटीं सोपान नांवाचा मुलगा जन्मला. तिचें नांव बहिणाबाई. थोड्याच वर्षांत तिला वैधव्य आलें. तरी संसाराचा गाडा आणि गाणें, दोन्हीं चालू राहिलीं.

कीर्तिकरांच्या सभेंत तिला बोलावणें गेलें नाहीं म्हणून कोणास बोल लावणें अन्यायाचें होईल. तिची ओंवी घराच्या भिंतीबाहेर गेलीच नव्हती. परंतु एकोणतीस वर्षांनीं, १९३६ सालीं, जळगांवास अखिल महाराष्ट्राचें साहित्यसंमेलन भरलें, त्या वेळची गोष्ट जरा निराळी आहे.

या संमेलनाचे अध्यक्ष माधव त्र्यंबक पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन. फारसीचे प्राध्यापक, गझलेचें रोप मराठीच्या मातींत लावणारे कवि. १९२३ सालीं पुण्यास जें रविकिरण मंडळ स्थापन झालें, त्यांतील हे एक प्रमुख. यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे व मनोरमाबाई रानडे, माडखोलकर, घाटे, दिवाकर ही त्यांची इतर सोबत. रविवारीं एकत्र जमावें, चहा घ्यावा, परस्परांच्या कविता ऐकाव्या आणि त्यांवर बोलावें, असा या मंडळाचा साधा शिरस्ता होता. ना घटना, ना चिटणीस, ना वर्गणीची पावती. तरी मोठमोठ्या संस्थांनीं जें केलें नाहीं, तें या आठदहा माणसांनीं केलें. कविता ही चालीवर म्हणून ऐकविण्याची वस्तु आहे, हें त्यांनीं गांवोगांव कविता गाऊन लोकांच्या मनांत रुजविलें. आचार्य अत्र्यांनीं ‘झेंडूचीं फुलें’ या विडंबनसंग्रहांत त्यांची यथेच्छ थट्टा केली. आणि थट्टा होण्याइतकी प्रसिद्धि कवींस लाभणें हीही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

माधव जूलियन हे छंदांचे मोठे अभ्यासक. ‘छन्दोरचना’ हा त्यांचा ग्रंथ मराठी पद्यरचनेच्या शास्त्रावरील आधारग्रंथ गणला जातो. ओंवी आणि अभंग यांचा अक्षरछंद कसा चालतो, त्याचें माप काय, हें त्यांत बारकाईनें सांगितलें आहे. आणि असे छंदःशास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून ज्या गांवीं आले, त्याच गांवांत छपन्न वर्षांची बहिणाबाई ओंवी हा छंद शास्त्राशिवाय, केवळ कानाच्या मापानें चालवीत होती. दोघांची गांठ पडली नाहीं. सोपानदेव तोंपर्यंत स्वतः कवि म्हणून पुढें येत होते; मुलास सभा माहीत होती, आई मात्र सभेस माहीत नव्हती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जवळच फैजपुरास काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. राजकारणास खेड्याकडे जावेसें वाटलें. साहित्याची सभा मात्र शहराच्या वेशींतच थांबली. फैजपुराचें नांव निघालें म्हणून सांगावयाचें, कीं आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत यांनीं आपल्या आयुष्याचीं कांहीं वर्षें याच गांवीं शाळामास्तरकींत घालविलीं. तेव्हां त्यांच्यासाठीं कोणी सभा भरविल्याचें प्रसिद्ध नाहीं.

अमळनेर येथील एक उदाहरण या संदर्भांत ध्यानांत घेण्याजोगें आहे. १९२४ पासून १९३० पर्यंत साने गुरुजी तेथील प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. वसतिगृहाची व्यवस्था त्यांजकडे आली, तेव्हां त्यांनीं ‘छात्रालय’ नांवाचें हस्तलिखित दैनिक सुरू केलें. रोज लिहावयाचें, स्वहस्तानें, मुलांसाठीं. पुढें ‘विद्यार्थी’ हें मासिकही निघालें. ज्यांनीं कधीं वर्तमानपत्र चालविलें आहे त्यांस रोज कांहीं लिहिणें म्हणजे काय, हें ठाऊक असेल. आणि तेंही शाळेचे तास, मुलांच्या खोल्यांची झाडलोट व आजाऱ्यांची शुश्रूषा संभाळून! ‘श्यामची आई’ हें पुस्तक गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत थोड्या दिवसांत लिहून काढलें, याचें आश्चर्य वाटतें खरें. पण तो हात अमळनेरच्या वसतिगृहांत रोजच्या रोज घोटला गेला होता. संमेलनाला मंडप लागतो, लेखनाला मात्र एक ऐकणारा पुरतो.

बहिणाबाईंच्या बाबतींतही शेवटीं हेंच घडलें. सोपानदेव आणि घरांतील एक आप्त यांनीं तिचीं गाणीं जशीं कानीं पडलीं तशीं वेळोवेळीं टिपून ठेवलीं. संस्था नाहीं, मंडळ नाहीं. एक आई, एक मुलगा, एक वही. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई वारल्या. नंतर ती वही अत्र्यांच्या हातीं पडली. ज्यांनीं पुण्याच्या सुशिक्षित कवींची रेवडी उडविली होती, त्याच अत्र्यांनीं या निरक्षर शेतकरणीच्या गाण्यांस मनःपूर्वक प्रस्तावना लिहिली, आणि १९५२ सालीं ‘बहिणाबाईचीं गाणीं’ प्रसिद्ध झालीं. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं साहित्यसंमेलन पुन्हां खानदेशांतच, अमळनेर येथें, कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. खानदेशानें आपली सर्वांत मोठी कवयित्री महाराष्ट्रास दिली ती या वर्षीं. तिला तें कळावयाचें नव्हतें.

तीं गाणीं खानदेशच्या बोलींत आहेत. पुस्तक निघेपर्यंत ती बोली म्हणजे अशुद्ध मराठी, असेंच शाळेंत शिकविलें जात असे. शेतांतून आलेल्या कित्येक मुलांनीं घरचा शब्द तोंडांतून निसटला म्हणून हातावर छड्या खाल्ल्या असतील. त्याच शब्दांचे अर्थ पुढें क्रमिक पुस्तकांत तळटीपा देऊन छापले जाऊं लागले, तेव्हां छडी मारणाऱ्या पिढीस आपलीच परीक्षा झाल्यासारखें वाटलें असल्यास तें उचितच होय. लेखनमंडळांनीं आणि संमेलनांनीं भाषेची सेवा केली हें निर्विवाद. पण भाषा कोणती, याचा निर्णय त्यांनीं फार लवकर करून टाकला होता.

खानदेशांतील संमेलनांचें स्वरूप पालटत गेलें. १९४४ सालीं धुळ्यास मामा वरेरकर अध्यक्ष होते. १९८४ सालीं जळगांवास पुन्हां संमेलन भरलें, तेव्हां त्या स्थानीं शंकरराव खरात विराजमान होते. दलित समाजांतून आलेले, ‘तराळ अंतराळ’ या आत्मचरित्राचे लेखक. फुले यांच्या पत्रास एवढ्या अवकाशानें का होईना, पण सभेनें दिलेलें तें एक उत्तर होतें. उत्तर पुरें झालें असें मात्र सर्वांस वाटलें नाहीं. १९९९ पासून विद्रोही साहित्यसंमेलन निराळें भरूं लागलें. २०२४ सालच्या फेब्रुवारींत अमळनेर येथें सत्याण्णवावें अखिल भारतीय संमेलन रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें, तेव्हां विद्रोही संमेलनही त्याच दिवसांत त्याच गांवीं भरलें होतें. १८८५ सालीं एका पत्रापुरतें असलेलें मतांतर १३९ वर्षांनीं एकाच गांवांत दोन मंडप घालून बसलें. गांव लहान आहे. एका मंडपांतून दुसऱ्या मंडपांत जाणाऱ्या श्रोत्यास फारशी चाल पडण्याचें कारण नाहीं.

२०१८ सालीं जळगांवच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास बहिणाबाईंचें नांव देण्यांत आलें. तेथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर आतां त्या बाईचें नांव छापलेलें असतें, जिला स्वतःला तें वाचतां आलें नसतें.