एक छप्पर, अनेक चुली : उपग्रह दूरचित्रवाणीतील ग्राहक-पडताळणी



काशीचा मुन्शी घाट हा दरभंगा घाट आणि अहिल्याबाई घाट यांच्या मधोमध आहे. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधविला. गंगा येथे उत्तरवाहिनी असल्याने घाट पूर्वाभिमुख आहेत. छपरांवरील डिश अँटेना मात्र दक्षिणेकडे तोंड करून असतात. काशीचे रेखावृत्त सुमारे ८३ अंश पूर्व आणि जून २०२२ मध्ये प्रक्षेपित झालेला जीसॅट-२४ हा उपग्रहही त्याच रेखावृत्तावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर स्थिर आहे.

घाटामागच्या अरुंद गल्ल्यांत मोकळे आकाश मिळते ते गच्चीवरच. त्यामुळे एका डिशमधून निघालेल्या तारा खालच्या तीन-चार मजल्यांवर उतरणे हे अशा वस्तीत स्वाभाविक आहे. भाऊबंद, भाडेकरू, यात्रेकरूंसाठी राखलेल्या खोल्या असे सारे एकाच छपराखाली नांदत असतात. अशा वास्तूत 'एक ग्राहक' कोणास म्हणावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु प्रसारण उद्योगाचा महसूल आणि सामान्य ग्राहकाची प्रतिष्ठा या दोहोंचा संबंध त्याच्याशी पोहोचतो.

या प्रश्नाचे मूळ तंत्रात आहे. उपग्रहाकडून येणारा संदेश एकमार्गी असतो. तो सांकेतिक रूपात येतो आणि सेट टॉप बॉक्समधील कार्डाला अधिकार दिलेला असेल तरच उलगडतो. कोणत्या कार्डाला अधिकार दिला हे कंपनीस ठाऊक असते. तो बॉक्स कोणाच्या घरात आहे, हे उपग्रहाला कळण्याचा मार्ग नाही. इंटरनेटवरील सेवांचे तसे नाही. तेथे दुहेरी दळणवळण असल्याने नेटफ्लिक्सला जुलै २०२३ मध्ये भारतातील घराबाहेरच्या पासवर्ड-वाटपास आळा घालता आला. उपग्रह कंपनीस ही सोय नाही. म्हणून अमेरिकेत एका खात्यावरील सर्व बॉक्स एकाच दूरध्वनी वाहिनीस जोडण्याची अट घालण्यात येई. कधी ग्राहकास दूरध्वनी करून प्रत्येक पडद्यावरील क्रमांक तत्काळ वाचून दाखविण्यास सांगत. क्रमांक देता आला नाही, तर तो बॉक्स दुसऱ्याच्या घरी आहे असा संशय घेतला जाई.

संशयावर विसंबण्याचे परिणाम तेथेच दिसून आले. २१ जानेवारी २००१ रोजी डायरेक्टीव्ही या कंपनीने उपग्रहामार्फत विशेष संदेश पाठवून बनावट कार्डे मोठ्या संख्येने निकामी केली. ही कारवाई तंत्राने तंत्राविरुद्ध केलेली होती आणि तीत निरपराध ग्राहक भरडला गेला नाही. त्यानंतर मात्र कार्डात फेरफार करण्याचे उपकरण विकत घेणाऱ्या लाखाहून अधिक लोकांना कंपनीने पत्रे पाठवून हजारो डॉलरांच्या तडजोडीची मागणी केली. अशी उपकरणे संगणक-सुरक्षेच्या वैध कामासही लागतात. अखेर २००४ मध्ये केवळ उपकरण बाळगल्याबद्दल दावे न करण्याचे कंपनीने मान्य केले.

भारतातील वाट वेगळी आहे आणि ती परीक्षार्थींनी नीट समजून घ्यावी. १९९० च्या दशकात येथे गळती ग्राहकाकडे नव्हे, तर मधल्या साखळीत होती. ॲनालॉग केबलमध्ये घरे मोजण्याचे साधनच नव्हते. केबलवाला सांगेल तीच ग्राहकसंख्या, आणि ती सांगताना तो कंजुषीच करी! सन १९९५ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क (विनियमन) अधिनियमात २००२ मध्ये दुरुस्ती होऊन सशर्त प्रवेश प्रणालीची तरतूद झाली. ती १ सप्टेंबर २००३ रोजी चेन्नईत आणि ३१ डिसेंबर २००६ रोजी मुंबई, दिल्ली व कोलकात्याच्या काही भागांत लागू झाली. सार्वत्रिक अंकीकरण आले ते २०११ च्या दुरुस्तीने. दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत वाराणसीबरोबर पुणे, नागपूर, नाशिक व सोलापूरही होते. त्यांची मुदत ३१ मार्च २०१३ होती.

त्यानंतर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०१७ च्या आंतरजोडणी विनियमांनी तपासणीचा रोख वितरकाकडे वळविला. वितरकास दर वर्षी आपल्या यंत्रणेचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. ग्राहक व्यवस्थापन प्रणालीतील नोंदी आणि प्रत्यक्ष अधिकार मिळालेली कार्डे यांचा मेळ बसतो की नाही, हे त्यात पाहिले जाते. कार्ड आणि बॉक्स यांची जोडी बांधलेली असावी लागते. पडद्यावर मध्येच काही क्षण उमटणारा क्रमांक अनेकांनी पाहिला असेल. तो 'फिंगरप्रिंट' होय. चोरून पुनःप्रसारित केलेल्या चित्रावरही तो उमटतो आणि मूळ कार्डाचा माग लागतो. दोष शोधण्याचे ओझे येथे यंत्रणेवर राहते, घरमालकाच्या दारावर अधिकारी उभा करावा लागत नाही. हा मार्ग अधिक न्याय्य म्हटला पाहिजे.

तरीही मुन्शी घाटावरील प्रश्न उरतोच. जानेवारी २०२० मधील दुरुस्तीने एकाच घरातील दुसऱ्या व त्यापुढील संचांसाठी नेटवर्क क्षमता शुल्क पहिल्या संचाच्या ४० टक्क्यांपर्यंतच आकारता येईल, असे ठरले. सवलत आली की तिचा लाभ शेजाऱ्यास देण्याचा मोहही आला. व्यावसायिक वापराचा प्रश्न तुलनेने सोपा आहे : घरगुती जोडणी घेऊन यात्रेकरूंच्या खोल्यांत संच चालविले, तर तो ग्राहक घरगुती राहत नाही. पण वेगळे राहणाऱ्या धाकट्या भावाचे काय?

जनगणनेत कुटुंबाचा निकष सामायिक स्वयंपाकघर हा आहे. एका छपराखाली चार चुली असतील, तर चार कुटुंबे मोजली जातात. दूरचित्रवाणीच्या दरविषयक आदेशात मात्र एकाच व्यक्तीच्या नावावर एकाहून अधिक जोडण्या असलेले घर 'बहुसंच घर' ठरते. काशीच्या एखाद्या वाड्यात थोरल्याच्या नावावर तीन संच असतील आणि चुलीही तीन असतील, तर जनगणनेचा प्रगणक तेथे तीन कुटुंबे लिहील आणि कंपनीच्या संगणकात एकच घर दिसेल. दोन्ही नोंदी आपापल्या नियमानुसार बिनचूक असतील. जुलै २०२४ मध्ये ट्रायने नेटवर्क क्षमता शुल्कावरील कमाल मर्यादा काढून टाकली. दुसऱ्या संचास किती सूट द्यावी, हे तेव्हापासून वितरकच ठरवितात. मात्र चूल वेगळी आहे की एक, हे त्यांच्या अर्जात विचारले जात नाही.